कडुलिंबाखालची पॅलिओ

गॅरेजच्या ओट्यावरून : वाचकांचे प्रश्न, काकांची उत्तरं

प्रश्न : काका, नमस्कार. मी २७ वर्षांचा आहे, चिंचोळी एमआयडीसीत क्वालिटीला आहे. आमच्या गल्लीच्या टोकाला एका बंगल्यात कडुलिंबाखाली फियाट पॅलिओ १.६ उभी आहे. लाल रंग, जून २००३ ची नोंदणी, एमएच १३. तीन वर्षं जागची हललेली नाही. ज्या आजोबांच्या नावावर गाडी आहे ते वारले. त्यांचा मुलगा विकतो म्हणतोय, एक लाख चाळीस हजार सांगितलेत. ‘कागद क्लिअर आहेत, बॅटरी टाकली की चालू होईल,’ असं म्हणतो. शाळेत असताना ही गाडी विजापूर रोडला दिसली की मी सायकल थांबवून बघत राहायचो. माझ्याकडे दोन लाख साठलेत. आई-बाबा म्हणतात, त्यात भर घालून हप्त्यावर नवी छोटी गाडी घे. माझा मित्र म्हणतो, इंजिन चांगलं असेल तर डोळे झाकून घे. काय करू?
एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : बाळा, माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून पत्रं आमची ही वाचून दाखवते. तुझं पत्र वाचताना ‘बॅटरी टाकली की चालू होईल’ इथं मी तिला थांबवलं आणि परत वाचायला सांगितलं. एकतीस वर्षं गॅरेज चालवलं, त्यात हे वाक्य किती वेळा ऐकलं त्याला गणती नाही. साडेचार-पाच हजारांच्या बॅटरीनं गाडी खरंच चालू होत असती, तर त्या माणसानं बॅटरी आणून, गाडी चालू करून, वर वीस हजार जास्त मागितले असते. त्यानं बॅटरी टाकून बघितलेलीच असणार. पुढं काय झालं ते तो सांगत नाही, एवढंच.

तरी तुला वेड्यात काढणार नाही. ती गाडी मी चालवलीय. २००१ साली पॅलिओ आली तेव्हा जाहिरातीत सचिन होता, आणि सोलापुरात जो तो १.२ घ्यायचा, कारण आपल्याकडं गाडीला हात लावायच्या आधी माणूस ‘ॲव्हरेज काय देते’ हे विचारतो. १.६ घेणारे हातावर मोजण्याइतके. १५९६ सीसी, शंभर हॉर्सपॉवर, आणि तेही एवढ्याशा डबड्यात. माझ्याकडं पहिली सर्व्हिसिंगला आली तेव्हा ट्रायलच्या नावाखाली मी ती तुळजापूर रोडला नेली होती. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि शेजारी बसलेल्या पोरानं डॅशबोर्ड धरला. दार लावलं की तिजोरी लावल्यासारखा आवाज. पेट्रोल मात्र गावात नऊ-दहाच्या वर किलोमीटर देत नाही, हे आजच लिहून ठेव.

पहिलं काम, ती खरंच १.६ आहे का ते बघ. मागचं चिन्ह आणि पट्टे कुणीही चिकटवतं. आरसीवर सीसीचा रकाना असतो. तिथं १५९६ पाहिजे. १२४२ असेल तर ती १.२ आहे, आणि मग चाळीस हजारांच्या वर बोलूच नकोस. आरसीवरचा इंजिन नंबर आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी अक्षर अन् अक्षर जुळवून घे. चासी नंबराच्या आजूबाजूला घासल्याची, वेल्डिंगची खूण दिसली तर चहा न घेता घरी ये.

आता ‘कागद क्लिअर’. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. जून २००३ ची म्हणजे जून २०१८ ला संपली. आजोबांनी तेव्हा पाच वर्षांचं नूतनीकरण करून घेतलं असं धरलं, तरी जून २०२३ ला परत संपली. तीन वर्षं गाडी हललेली नाही म्हणतोस, म्हणजे पुढचं नूतनीकरण झालेलंच नसणार. उशिराला महिन्याला पाचशे रुपये लागतात. हा अंक गड्डा यात्रेच्या सुमारास, म्हणजे जानेवारी २०२६ ला, तुझ्या हातात पडेल, तोवर एकतीस महिने झाले, म्हणजे साडेपंधरा हजार. वर नूतनीकरणाची फी. वीस वर्षांपुढच्या चारचाकीला ती ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार झाली. झाले साडेपंचवीस हजार. पर्यावरण कर वेगळा, नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट वेगळी, आणि पीयूसी नि विमा असल्याशिवाय आरटीओ दारात उभं करत नाही. २०१८ चंही नूतनीकरण झालेलं नसेल तर हिशेब मी इथं मांडत नाही, तू आरटीओत जाऊन खुर्चीत बसून ऐक.

त्यात गाडी वारलेल्या माणसाच्या नावावर. ती मुलाला थेट सही करून तुला विकता येत नाही. आधी फॉर्म ३१ भरून, मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती जोडून, गाडी मुलाच्या नावावर व्हायला लागते. मगच फॉर्म २९ आणि ३० वर ती तुझ्या नावावर. बाकीचे वारस किती, कुठं, हे विचार. आपल्या सोलापुरात एक बहीण हैदराबादला दिलेली असतेच. तिची सही कधी मिळणार, आणि घराच्या वाटणीवरून भावा-बहिणीचं बोलणं आहे का, हे गाडीच्या कॉम्प्रेशनपेक्षा आधी बघायचं. आरसीवर बँकेचा बोजा राहून गेला असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं ना हरकत पत्र. बँकेचं नाव दोनदा बदललेलं असेल तर तुझं नशीब.

तुझा मित्र म्हणतो, इंजिन चांगलं असेल तर घे. मी नेमकं उलटं सांगतो. इंजिन मिळतं. कुर्ल्याच्या भंगारात अजून मिळतं. गंमत बघ, ही गाडी बनली कुर्ल्याला आणि आता तिचे सुटे भागही शोधायला कुर्ल्यालाच जावं लागतं. इंजिन उघडून रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह, सगळं करता येतं. पण पत्रा कुजला आणि कागद अडकला, तर त्याला मेकॅनिक काही करू शकत नाही.

हे मी पैसे मोजून शिकलोय. २०११ ला पुण्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून मुंबई पासिंगची होंडा सिटी व्हीटेक घेतली होती. मी, मेकॅनिक माणूस! बोनेट उघडलं, इंजिन ऐकलं आणि भुललो. एक ठोका इकडचा तिकडं नाही. पावसाळ्यात पायाखाली ओल यायला लागली म्हणून गालिचा उचलला, तर खाली पत्राच नव्हता. ज्या पत्र्यावर मी पाय ठेवून पुण्याहून आलो, तो कुठल्याशा डब्याचा, रिबिटं मारून बसवलेला आणि वरून डांबर फासलेलं. जॅक लावला की दाराखालची सिल आत दबायची. दीड वर्ष डेंटरकडं फेऱ्या मारल्या आणि शेवटी निम्म्या किमतीत इंजिनासाठी विकली. त्या इंजिनाला मी आजही नाव ठेवत नाही.

त्या मानानं तुझी गाडी आपल्या गावची आहे हे चांगलं. मुंबईची हवा पत्रा खाते, इथलं ऊन रबर खातं. मे महिन्यात ४३-४४ डिग्रीत तीन वर्षं उभी, म्हणजे दाराचे रबर, इंधनाचे पाइप, सस्पेन्शनचे बुश, वायपर, सगळं सुकलं असं धरूनच चाल. ते बाजारात मिळतं, किंवा दुसऱ्या गाडीचं जुळवून बसतं. पण कडुलिंबाचं एक बघ. पाला वायपरखालच्या जाळीत साठतो, पाणी जायची भोकं बुजतात आणि पावसाचं पाणी आत उतरून पुढच्या सिटांखाली थांबतं. म्हणून आधी चारही पायपुसण्या आणि गालिचा उचल. खालच्या पत्र्यावर अंगठा दाब, पान्याच्या टोकानं हळूच टोच. डिकीत स्टेपनी काढून तो खड्डा बघ. बोनेट उघडून शॉकअप जिथं बोल्टनं बसतो त्या घुमटाभोवती तडा किंवा गंज आहे का बघ. दाराच्या खालच्या कडेला बोट फिरव. खिशात एक लहान लोहचुंबक ठेव आणि मडगार्डवर, दारावर सरकवत ने. जिथं चिकटत नाही तिथं पत्रा नाही, लांबी म्हणजे पुटी भरलीय. थोडी असतेच. तळहाताएवढी असेल तर गाडी कुठंतरी ठोकलीय.

एवढ्यात पत्रा बरा निघाला तरच इंजिनाकडं वळ, आणि चावी फिरवायची नाही. तो मुलगा घाई करील, ‘धक्का मारून बघू’ म्हणेल. अजिबात नाही. तीन वर्षं सिलिंडर कोरडे आहेत. चारही प्लग काढ, प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोड, रात्रभर राहू दे. सकाळी क्रँकच्या पुलीला पाना लावून हातानं फिरव. चार फेरे सुखानं फिरलं तर अर्धी लढाई जिंकलास. अडकलं तर जोर लावू नकोस, तिथंच थांब. टायमिंग बेल्ट जुनाच असेल तर त्यावर इंजिन चालू करणं म्हणजे जुगार आहे. सोळा व्हॉल्व्हचं इंजिन, बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि मग हेड उतरवावं लागतं. आधी बेल्ट आणि टेन्शनर नवा, मग चावी.

टाकीतलं पेट्रोल काढून वास घे. व्हार्निशसारखा आला तर टाकी उतरवून धुवायची, आत गंज किती आहे बघायचं, आतला पंप बहुतेक गेलेला असतो. इंधनाचे सगळे रबरी पाइप बदलायचे, इथेनॉल सोसणारे घालायचे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. त्यातला ऊस आपल्याच जिल्ह्यातला असेल, पण २००३ च्या रबराला त्याचं कौतुक नाही.

रेडिएटरचं झाकण उघडून आत बोट घाल. पांढरा चुन्यासारखा थर लागला तर आजोबांनी बोअरचं पाणी ओतलेलं आहे. आपल्याकडं हे सगळ्यात जास्त बघितलं. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, तर माणूस गाडीला पिण्याचं पाणी घालतो कशाला? बोअरचं क्षाराचं पाणी रेडिएटरच्या नळ्या बुजवतं आणि मग गाडी गरम झाली की हेड गॅसकेट जातं. ऑइल भरायच्या झाकणाच्या आत दुधासारखा साका दिसला तर पाणी आणि ऑइल एक झालंय.

टायरवर कडेला चार आकडे असतात. २३१६ असलं तर २०१६ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसू दे, ते टायर फेकायचे. ब्रेकचे कॅलिपर, क्लच प्लेट चिकटलेली असणार. उंदरांनी वायरिंग खाल्लंय का ते बोनेटच्या कोपऱ्यात आणि डॅशबोर्डखाली टॉर्च मारून बघ. वायरिंगचं काम दिसायला लहान असतं आणि करायला बसलं की श्रावण संपून भाद्रपद येतो.

पैशाचं सांगतो, माझ्या अंदाजानं. बॅटरी, टायर, बेल्ट, पाइप, ब्रेक, क्लच, सस्पेन्शनचे बुश आणि रेडिएटर, एवढ्याला नव्वद हजार ते लाख. एसी चालू करायचा म्हटला तर वीसेक हजार वेगळे. रंग आपल्या गावात चांगला करून घ्यायचा तर पन्नासपासून पुढं. कागदाचे तीस धर. म्हणजे किंमत सोडून एसी-रंगासकट एक नव्वद ते दोन लाख, ते दोन्ही मागं ठेवलेस तर एक वीस ते एक तीस. तुझ्याकडं दोन लाख आहेत. किंमत एक चाळीस देऊन बसलास तर गाडी कडुलिंबाखालून उठून तुमच्या दारातल्या गुलमोहराखाली उभी राहील. ही मधेच म्हणाली, ‘त्याच्या दारात गुलमोहर आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?’ कुणी नाही. माझ्या स्वतःच्या दारात आहे.

पत्रा आणि वारस दोन्ही ठीक असतील तर साठ म्हण, सत्तरला थांब. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर इसारपावती कर, इसार दहा हजार. त्यात लिहून घे की वारसनोंद आणि नूतनीकरण विकणाऱ्यानं करून द्यायचं, खर्च कुणाचा किती ते आकड्यात, आणि नाही झालं तर इसार परत. अडचण एकच आहे, नूतनीकरणाला गाडी आरटीओत दाखवावी लागते आणि तुझी तर हलत नाही. म्हणून चालू करण्यापुरता खर्च तू कर, पण तोही पावतीत लिही, व्यवहार मोडला तर तो परत मिळायला पाहिजे. गाडी तिथवर टोचन करून नको, सपाट ट्रकवर ने. नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर चालवत नेलीस आणि वाटेत कुणाला लागलं तर विमा कंपनी हात वर करेल. बाकीचे पैसे आरसी तुझ्या नावावर झाल्याचा मेसेज आल्यावर. त्या मुलाला हे मान्य नसेल तर त्याला आणखी दोन पावसाळे जाऊ दे.

आई-बाबांचं म्हणणं चुकीचं नाही, पण ते दुसऱ्या गाडीबद्दल आहे. रोज चिंचोळीला जायला ही गाडी नाहीच. कामावर जायला तुझी दुचाकी किंवा कंपनीची बस राहू दे. ही रविवारी सकाळी होटगी रोडला फिरवून आणायची गोष्ट आहे. रोजच्यासाठी घेणार असशील तर बाबांचं ऐक.

प्रश्न : काका, आमचा टॉवेलचा चार मागांचा कारखाना आहे. आमच्या ह्यांनी गेल्या वर्षी जुनी फोर्ड आयकॉन १.६ घेतली, ‘जोश मशीन’ म्हणून. चौदा महिने झाले, गॅरेजमध्येच आहे. मिस्त्री दर आठवड्याला म्हणतो, पुढच्या सोमवारी देतो. आतापर्यंत एक लाख दहा हजार दिलेत. परवा मी बघायला गेले तर गाडीला दारंसुद्धा नव्हती. हे म्हणतात, तू यात पडू नको. पडू का?
एक वाचक भगिनी, अशोक चौक

उत्तर : ताई, पडा. आणि मिस्त्री तुम्हाला फसवतोच आहे असं मनात धरून जाऊ नका. आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, गॅरेजवाले रागावले तर रागावले. सर्व्हिसिंगची गाडी सकाळी येते आणि संध्याकाळी पैसे देऊन जाते. जुनी उभी करायची गाडी पहिल्या दिवशी आगाऊ पैसे देते आणि नंतर नुसती जागा अडवते. तुमचे आगाऊ पैसे पोरांच्या पगारात कधीच गेले. आता तुमच्या गाडीला हात लावायचा म्हणजे त्याला ते काम फुकट केल्यासारखं वाटतं. मीही हे केलंय. एका मास्तरांची गाडी माझ्याकडं अकरा महिने होती. मास्तर गरीब स्वभावाचे, ओट्यावर बसून चहा प्यायचे आणि जायचे. एकदा त्यांच्या बाई आल्या, वही घेऊन. तीन आठवड्यांत गाडी दिली.

तर वही न्या. आतापर्यंत कुठला भाग आला आणि त्याची पावती कुठं आहे, ते त्याच्या समोर बसून लिहा. काढलेली दारं, काचा, नट-बोल्ट कुठं ठेवलेत ते डोळ्यांनी बघा आणि मोबाइलवर फोटो काढा. गाडी खोलतो एक पोरगा आणि बसवतो दुसरा, पहिला तोवर पुण्याला गेलेला असतो. कुठला बोल्ट कुठला हे कुणालाच माहीत नसतं, हे उशिराचं खरं कारण असतं आणि ते कुणी कबूल करत नाही. यापुढं एका वेळी एकच काम ठरवा. आधी पत्रा आणि दारं. झालं, बघितलं, मग त्याचे पैसे. मग इंजिन. सामान तुम्ही स्वतः आणून द्या, मजुरी वेगळी ठेवा. रंग सगळ्यात शेवटी, तो काही बोलू दे. आधी रंग करून मग इंजिन उतरवलं की बोनेटच्या कडेला ओरखडा पडतोच.

यजमानांना घरी बोलू नका मात्र. मागाच्या खडखडाटात दिवसभर बसणाऱ्या माणसाला एक शांत चालणारं इंजिन हवंय, त्यात काही वावगं नाही.

प्रश्न : काका, चंदेरी गाडी लाल करायचीय आणि मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावायचाय. आरटीओला कळवावं लागतं का?
एक वाचक, पंढरपूर

उत्तर : रंग आरसीवर लिहिलेला असतो. बदलायचा तर आरटीओची परवानगी घेऊन आरसीवर नोंद करून घ्यायची. नाही केली तर नाक्यावर पोलिसाला लाल गाडी आणि चंदेरी आरसी दिसणार, आणि गाडी चोरीची नाही हे तुलाच पटवावं लागणार. सायलेन्सरची परवानगी मिळत नाही, विचारायला जाऊ नकोस. कंपनीनं दिलेला आहे तोच फुटला नाही ना ते बघ, जुन्या गाडीला तेवढाच आवाज पुष्कळ असतो.